सातव्या ओळीतला ‘न’

मी आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं. अतर्क्य अनुभव सांगणाऱ्यांकडे मी पुरावा मागायचो. आज माझ्याकडेच तो नाही... तरी लिहितोय, कारण यात माझी एक खोटी नोंद आहे.

वसईतल्या आमच्या कॉलेजात मी अभ्यासक्रम समितीचा अध्यक्ष होतो. पदवीधराच्या अंगी काय यायला हवं, त्याची यादी करायची होती. नेतृत्व, संवादकौशल्य वगैरे सहा गुण ठरले. तेव्हा राजोडीच्या कोळी घरातले वैती सर म्हणाले, “सातवा गुन घाला – ऐकनं. पोरांनी एक सत्र गावातल्या कोना म्हाताऱ्याजवळ बसावं, मधे न बोलता. त्याचे क्रेडिट द्या.”

मी म्हणालो, “सर, आधी ‘ण’ शिका, मग गुण शिकवा.”

सगळे हसले. सरही हसले, आणि त्यांनी फाइल मिटली. इतिवृत्तात मी लिहिलं – ‘प्रस्ताव मागे घेण्यात आला.’ त्यांनी तो मागे घेतला नव्हता. दोन वर्षांनी सर वारले.

यंदा नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा नेहाने माझ्या गोखिवऱ्याच्या घरी तपासायला पाठवला; मी आता निवृत्त आहे. नेहा माझी विद्यार्थिनी, आता आमच्याच कॉलेजात विभागप्रमुख. भर दुपारी, चष्मा लावून वाचत होतो. यादीत शेवटी होतं – ‘७. ऐकनं’. सवयीने मी ‘न’ला लाल गोल केला, बाजूला ‘ण’ लिहिला आणि संध्याकाळी कागद तिला परत पाठवले. वैती सर आठवलेसुद्धा नाहीत... याचीच जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नेहाचा फोन आला. “सर, गुण सहाच आहेत. खाली कोऱ्या जागेत तुम्ही गोल का केलाय?”

तिने फोटो पाठवला. माझा लाल गोल, आत काहीच नाही. बाजूला माझा ‘ण’.

मी तिला परत फोन लावला. मग तिला सगळं सांगितलं – ते हसणं, ती नोंद. ती मधे एकदाही बोलली नाही. फोन कट झाला असं वाटून मी थांबलो, तर म्हणाली, “बोला सर. ऐकतेय.”

इतिवृत्तातली नोंद खोटी असल्याचं पत्र मी सही करून कॉलेजला दिलंय. सातवा गुण वैती सरांच्या नावानिशी पुन्हा समितीपुढे गेलाय, निर्णय व्हायचाय. ती ओळ मला कशी दिसली, डोळे तपासून घेऊनही कळलेलं नाही.

तो कागद मी परत मागवला. गोल तसाच ठेवलाय. ‘ण’ तेवढा खोडला.