काचेला पडलेलं भोक

मी कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या एका ऑफिसात काचेच्या बांधकामाचे जोड डिझाइन करते. काचेला पाडलेल्या भोकात बोल्टचं लोखंड थेट टेकलं की ती तिथेच फुटते, म्हणून मध्ये बुश, म्हणजे नायलॉनची मऊ नळी, घालतात. माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका वाचनालयाच्या दारावरचं काचेचं छत. त्याच्या नमुन्याची चाचणी बागबाजारच्या एका वर्कशॉपमध्ये होती. बँकेतून निवृत्त झालेले बाबा हट्टानं बरोबर आले. "रोज जेवताना काच ऐकतोय, आता बघू तरी दे."

तिथल्या साठीच्या मिस्त्रींनी त्यांना जाळीमागे खुर्ची दिली, चहा दिला. जॅकनं बोल्ट खेचायला सुरुवात झाली आणि माझ्या हिशोबाच्या निम्म्या जोरावरच धाडकन आवाज आला.

"फुटली!" बाबा खुशीत ओरडले. "जमलं ना?"

"नाही बाबा. फार लवकर फुटली."

तडे एका भोकापासून किरणांसारखे पसरले होते. तो बोल्ट काढला, तर बुश एका बाजूनं कागदाएवढा पातळ.

"मीच घासला," मिस्त्री म्हणाले. "बसतच नव्हता."

"मला विचारायचं ना!" माझा आवाज चढला.

त्यांनी शांतपणे माझं ड्रॉइंग पसरलं. "दीदी, दोन काचा एकमेकींवर चिकटवताना भोकं केसभर मागेपुढे होतातच. तुम्ही त्याला जागाच सोडली नाही. मग बुश जाणार कुठून?"

माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही भोकं तंतोतंत जुळत होती. मला शरमल्यासारखं झालं. मी त्यांची माफी मागितली आणि त्यांच्याच बाकावर बसून ड्रॉइंग बदललं. भोक मोठं केलं, आणि बुशऐवजी बोल्टभोवती पातळ रेझिन ओतायचं ठरवलं. ते मिळेल त्या फटीत शिरून घट्ट होतं. काही आठवड्यांनी नवी काच आली, तेव्हा मिस्त्रींनी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं ते इतकं हळुवार भरलं, की बाबा श्वास रोखून बघत राहिले.

या वेळी काच माझ्या आकड्याच्या पुढे गेली. आणखी पुढे गेली.

"पुरे ना, दीदी?" मिस्त्री कळवळून म्हणाले. "चांगली काच आहे."

"कुठे फुटते ते बघायलाच हवं."

त्यांनी कानांवर हात ठेवून पाठ फिरवली. बऱ्याच वेळानं ती फुटली, तीही भोकांपासून लांब, अगदी मधोमध. मी टाळ्या वाजवल्या.

"फुटली, तरी टाळ्या?" मिस्त्री चक्रावले.

बाबा उठले आणि निम्म्या हिंदी, निम्म्या बंगालीत त्यांना समजावू लागले, की जोड टिकला, काच आधी गेली, म्हणून लेक खूश आहे. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या दुकानातून गरम कचोऱ्या मागवल्या.

छत बसून आता वर्ष होत आलं. नवा जोड आखला की पक्का करण्याआधी मी बागबाजारला जाऊन येते. बाबा माझ्याआधीच चपला घालून दाराशी तयार असतात.