सरकारी तार

अमरावतीहून परतवाड्याला जाणारी सडक आमच्या वावराला लागूनच होती आणि सडकेच्या पल्याड नाला. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळप दिवस कलला की सडक ओलांडून पाण्यावर जायचा. साठ सालाच्या आसपास एक रोही कुण्या साहेबाच्या मोटारीला धडकला. मोटारीला पोचा पडला आणि महिन्याभरात सडकेच्या दोन्ही अंगांनी काटेरी तार लागली.

रोही आमच्या बाजूला अडकले. पाणी तुटलं, म्हणून त्यांनी आमच्या ओल्या हरभऱ्यावर तहान भागवली. वडील तार लावणाऱ्या मुकादमाकडे गेले आणि म्हणाले, "जनावरानं पाण्याले कुठून जावं?"

मुकादम म्हणाला, "मले तार लावाले सांगतलं. जनावराचं काई सांगतलं नाई."

मग गावानेच इलाज केला. पाडव्याच्या आत ती तार सडकेवरून उठली आणि दोन्ही बाजूंच्या वावरांभोवती बसली. सगळ्यात आधी ती आमच्या वडिलांनी आणली. सरकारी माल इतका पक्का की आमच्या वावरात ससासुद्धा शिरेना.

आता रोह्यांना उभं राहायला सडक तेवढी मोकळी उरली. एकदा आमची एसटी त्यांच्यापुढे पाव तास खोळंबली. खिडकीतून बघत वडील वैतागले, "एवढं जंगल सोडून हे सडकेवर काहून येऊन राहिले?"

साऱ्या एसटीने माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्या लोकांच्या वावराला तीच तार होती.