एका चौकोनात दोन बायका

माझ्या काकांचा मुलगा अमेरिकेला गेला, तिकडच्या थंडीत घरात अडकला, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून त्यानं इंटरनेटवर आमच्या घराण्याचा वंशवृक्ष तयार केला. तोवर आमचं घराणं बरं चाललं होतं. रत्नागिरीहून लालबागला आणि लालबागहून भाईंदरला येईपर्यंत आम्हाला आमच्या पूर्वजांचा कधी त्रास झाला नव्हता.

जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. भावाचा ईमेल आला, की ताई, झाड बघ आणि चुका काढ. चुका काढायला मला कुणी सांगावं लागत नाही, हे माझ्या सासरी कुणालाही विचारा.

झाडावर माणसागणिक एक चौकोन होता. पुरुषांचा निळा, बायकांचा गुलाबी. पहिल्याच दिवशी मी मला दोनदा सापडले. एकदा वडिलांच्या खाली, माहेरच्या नावानं. आणि एकदा नवऱ्याच्या शेजारी, लग्नात बदललेल्या नावानं. वर साइटनं मला कळवलं की या दुसऱ्या बाईला तुम्ही कदाचित ओळखत असाल. म्हटलं, तोंडओळख आहे, पण फारसं बोलणं नाही.

पुढे तर आनंदीआनंदच होता. आमच्यात चुलतभावालाही नुसतं भाऊच म्हणतात. भावानं फोनवर ज्याला-त्याला ‘तुम्ही भावंडं किती’ असं विचारलं, आणि एका काकांच्या पदरात चौदा मुलं टाकली. त्या बिचाऱ्यांचं लग्नच मुळी चाळिशीत झालं होतं. चाळीतले शेजारचे काका, ज्यांचं आमच्याशी नातं कॅरमपुरतं होतं, ते आजोबांचे सख्खे भाऊ होऊन बसले. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे साइटनं पणजोबा आणि त्यांचा नातू हा एकच माणूस धरला, आणि तो गृहस्थ स्वतःच्याच मुलाचा मुलगा झाला. शिवाय आडनाव. आमचं आडनाव गावावरून, शेवटी ‘कर’ असलेलं. गावचा खोत काय, न्हावी काय, सुतार काय, मुंबईत उतरले की सगळे तेच ‘कर’. साइटनं बडोद्याकडच्या त्याच आडनावाचं एक भलंमोठं झाड आमच्या झाडाला आणून टेकवलं, भावानं डोळे मिटून ‘हो’ दाबलं, आणि आम्हाला आयता एक सरदार पणजोबा मिळाला, घोड्यासकट. आमच्या खऱ्या पणजोबांकडे एक बैल होता आणि तोही शेजाऱ्याच्या भागीत.

ही सगळी करमणूक मी एकटीनं केली नाही. माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायची. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ मात्र शाबूत. दुपारी ती माझ्याकडे चहाला यायची आणि मी तिला झाड दाखवायचे. तिला ते टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा आवडलं. “चौदा पोरं? त्या मेल्याला दोन आवरत नव्हती!” असं म्हणून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

मग भावानं तिच्याच चौकोनाला हात घातला. साइटचा हिशेब कुठे जुळला नाही की चौकोनावर लाल खूण यायची. आत्याच्या चौकोनावर ती आली होती. साइटचं म्हणणं असं, की ही बाई जन्मली तेव्हा हिची आई जेमतेम अकरा वर्षांची होती, हे कसं? भाऊ इंजिनीअर, त्याला लाल खूण बघवत नाही. त्यानं आत्याचं जन्मसाल पुढे ढकललं. खूण गेली आणि आत्या माझ्या वडिलांपेक्षा लहान झाली. वडील तोवर हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, हे आधी करायचं होतं, लहानपणी हिनं मला फार बदडलंय.

आत्या आधी खूश झाली. “बरं झालं गो, वय कमी करून मिळालं,” म्हणाली. मग तिनं चष्मा लावला आणि आपल्या चौकोनातून निघालेली रेघ वर कुठे जाते ते स्क्रीनवर बोट ठेवून पाहिलं.

“ही माझी आई नाय,” ती म्हणाली.

झालं होतं ते असं. आजोबांची दोन लग्नं. पहिली बायको गेली तेव्हा आत्या दोनेक वर्षांची होती. वर्ष सरायच्या आत दुसरी आणली, ती माझी आजी, माझ्या वडिलांची आई. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. आजोबांनी दुसऱ्या वेळी पहिल्याच वेळचं नाव लिहिलं. कुणी म्हणायचं, पहिलीची आठवण म्हणून. कुणी म्हणायचं, तोंडून चुकून जुनं नाव गेलं तरी घरात शांतता राहावी म्हणून. मी आजोबांना पाहिलेलं आहे, मला दुसरं कारण पटतं. साइटला मात्र एकाच घरात एकाच नावाच्या दोन बायका दिसल्या, तिनं विचारलं असणार की या एकच का, आणि भावानं नेहमीसारखं ‘हो’ दाबलं.

रविवारी सकाळी आम्ही त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“सॉरी आत्या, मला खरंच माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “नवीन बॉक्स करतो ना. पण नाव तेच टाकलं तर साइट परत दोघींना एक करायला सांगणार. माहेरचं नाव काय होतं तिचं?”

आत्या माझ्याकडे बघायला लागली. तिला ते ठाऊक नव्हतं. मला कुठून असणार?

“मग तूर्तास अननोन टाकतो,” भाऊ म्हणाला.

“अननोन म्हंजे?”

मी सांगितलं, अज्ञात. माहीत नाही, कोण ते.

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. “माहीत नाही कोण? प्लॅटफॉर्मवर बेवारस मिळालेलं मढं आहे का ती? माझी आई आहे!”

सासरचं नावही तिला नको होतं. “ते सावत्र आईनं जन्मभर वापरलं. मला तिनं वाढवलं, कधी हात नाय उगारला. ते तिचंच राहू दे. माझ्या आईचं स्वतःचं काहीतरी असेल ना?” मग ती बोलतच राहिली. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. फोटो कुणी काढलाच नव्हता. अंगावरचं सोनं दुसरीच्या अंगावर गेलं आणि पुढे मोडलं. सत्तर वर्षांत हे तिनं कुणापाशी काढलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून भावाला ‘तू आता त्या झाडाला हात लावू नकोस’ असं दरडावून मी फोन ठेवला.

आत्याचा एक मामेभाऊ भाईंदरजवळच राई गावात राहत होता, खाडीच्या बाजूला, जिथे शेतं बुजवून नव्या बिल्डिंगा उठल्या होत्या. दोघांची गाठ पडायची ती कुणाच्या तरी लग्नात. आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याला आत्या वाटभर सांगत होती, “भैया, बाजू से लो, उधर गड्डा है,” आणि तो बरोबर त्याच खड्ड्यातून नेत होता.

मामेभावाला आनंद झाला. आम्ही कशासाठी आलोय ते कळल्यावर तर फारच झाला, कारण त्याच्या हॉलच्या भिंतीवर वंशावळ लटकत होती. त्यांच्या भावकीनं छापून घेतलेली, लॅमिनेट केलेली, वर देवीचा फोटो. “आपल्याकडे इंटरनेट-बिंटरनेट नाही,” तो म्हणाला, “पण काम पक्कं.” आत्या अगदी जवळ जाऊन वाचायला लागली. तिचे आजोबा सापडले. त्यांच्याखाली तीन मुलगे सापडले.

“आणि माझी आई?”

“मुलींची नावं नसतात ना अक्का यात,” तो म्हणाला. “मुली लग्न करून जातात. त्यांची नोंद सासरी होते.”

“सासरी पण नाय,” आत्या म्हणाली.

माणूस वाईट नव्हता, ओशाळला. त्यानं आठवून पाहिलं. त्याचे वडील आपल्या बहिणीचा विषय निघाला की ‘आमची थोरली’ एवढंच म्हणायचे. त्यानं गावी मोठ्या भावाला फोन लावला. तिथूनही थोरलीच आली. त्याची बायको पोहे घेऊन आली आणि जाताना म्हणाली, “मीपण नाहीये त्यात. पोहे खाणारे सगळे आहेत, करणारी कुठेच नाही.” मला ती बाई ताबडतोब आवडली.

येताना आत्या रिक्षात एक अक्षर बोलली नाही, खड्डा आला तरी नाही. आमच्याकडे तिची आई मेली म्हणून गळली होती आणि त्यांच्याकडे बाई म्हणून. अमेरिकेतल्या इंजिनीअरची चूक निदान ताजी तरी होती, आणि दुरुस्त करतो म्हणण्याइतकी त्याला लाज होती. भिंतीवरच्या त्या पक्क्या कामात कुणाला काही चुकल्यासारखंच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती इस्त्रीची साडी नेसून. “लाव ते,” म्हणाली. मी साइट उघडली, आजोबांच्या शेजारी एक नवा गुलाबी चौकोन केला आणि त्यातून आत्याकडे रेघ ओढली. नावाची जागा रिकामी होती.

“काय टाकू?”

“थांब. बारसं करूया.”

मला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्या पिढीतल्या झाडून सगळ्या पोरांची नावं हिनंच ठेवली होती. माझंही, जे पुढे सासरच्यांनी पुसलं. पण लेकीनं आईचं बारसं केल्याचं कुणी ऐकलंय?

ती उठली. मॉनिटरला कान कुठे असतो हा प्रश्न तिला पडला नाही. त्या गुलाबी चौकोनापाशी तोंड नेऊन तिनं कुर्र केलं आणि हळूच एक नाव सांगितलं. ते मी टाइप केलं. इथे लिहीत नाही, ते त्या दोघींचं आहे. मग उठून तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला.

“जोरात घाल गो,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. रडता रडताच तिनं मला विचारलं, “सेव्ह केलंस ना?”

रविवारी भावाचा फोन आला तेव्हा ती माझ्याकडेच होती. तो म्हणाला, “ताई, भारी काम केलंस. नाव मिळालं म्हणजे! पण कुठून मिळालं? साइट सोर्स विचारतेय. काहीतरी पुरावा द्यावा लागेल, नाहीतर कुणीही काहीही नाव टाकेल.”

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

“काय रे, तुझं नाव कुणी ठेवलं?”

“तू ठेवलंस, आत्या.”

“तेव्हा मागितला होतास पुरावा?”