कड्याखालची चुकीची हद्द

तोरणमाळच्या खालच्या अंगाला, एका पाड्यावर मी वनहक्काच्या दाव्यांसाठी शेतं मोजत होतो. हातात मावणारं जीपीएस यंत्र घेऊन बांधावरून चालायचं, कोपऱ्यावर थांबायचं, बटण दाबायचं. त्या दिवशी धाकट्या चुलतभावाचं शेत होतं. लागून असलेलं थोरल्याचं शेत मी महिन्यापूर्वीच मोजलं होतं. दोघं सकाळपासून माझ्याबरोबर हसतखेळत चालत होते.

मोजणी संपल्यावर मी दोन्ही नकाशे मोबाइलवर एकत्र पाहिले आणि विचार न करता बोलून गेलो, "थोरल्याची हद्द तुमच्या नांगरटीत पंचवीस पावलं आत येते."

धाकटा थोरल्याकडे वळला. "मागच्या वेळी तू एकटाच होता साहेबाबरोबर. काय दाखवलं त्याला?"

"बांधच दाखवला."

"चोर!"

धाकट्याने दगड उचलून थेट थोरल्याच्या तोंडावर हाणला. दात तुटले. रक्त थुंकत थोरल्याने खांद्यावरची कुऱ्हाड फिरवली. घाव डोक्यावरून निसटून कानावर बसला. कान लोंबायला लागला. दोन्ही घरांची माणसं काठ्या घेऊन धावली. मी मध्ये पडलो, तर एक काठी माझ्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. धाकटा खाली पडला होता, तरी त्याला लाथा बसत होत्या.

मला मोटरसायकलवर घेऊन आलेला कळसाडीचा सोबती ओरडला, "भाऊ, पळ! मारी टाकतीन!"

आम्ही धाकट्याला कसंबसं ओढून काढलं, दोघांच्या मध्ये बसवलं आणि घाट उतरलो. त्याचं रक्त माझ्या छातीवरून कमरेपर्यंत ओघळत होतं.

आठवड्याने, प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी सोबत्याला घेऊन दोन्ही शेतं जिथे भिडतात त्या कोपऱ्यावर गेलो. वर कडा, डोक्यावर महूचं दाट झाड. मी जागचा हलत नव्हतो, पण पडद्यावरचा ठिपका इकडेतिकडे सरकत होता. चूक किती असू शकते ते सांगणारा आकडा चाळीस मीटर होता. बॅटरी बदलली, यंत्र बंद करून चालू केलं, फरक नाही. मग झाडाखालून निघून मोकळ्या उतारावर गेलो आणि वाट पाहिली. आकडा चारवर आला. तिथून कोपऱ्यापर्यंत दोघांनी टेप धरला. हद्द बरोबर बांधावर आली. महिन्यापूर्वी तिथे मी तो आकडा न बघताच बटण दाबलं होतं.

थोरला कोठडीत होता. त्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि पायातली चप्पल काढून माझ्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. मी हात वर केला नाही.

धाकटा दवाखान्यात होता. त्याचा कान वाचला नव्हता. त्यालाही मी माझी चूक सांगितली. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तू तेव्हा का नाही थांबला?"

दोन्ही दावे मी दुरुस्त करून भरले. थोरला जामिनावर सुटला. त्या हंगामात दोघं ऊसतोडीला गुजरातेत गेले, वेगवेगळ्या टोळ्यांतून.