गडबचा राखणदार आणि नवाश्मयुग

मी चोरी केली, हे आधीच सांगतो. गडबच्या एका बांधावरचा दगड मी कुणाला न विचारता पिशवीत टाकला.

पेणहून एसटीने निघालो तेव्हापासून डोक्यात नवाश्मयुग होतं. हा शब्द मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलोय. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज अभ्यासकाने ‘नवा’ आणि ‘दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांतून हे नाव घडवलं, आपण त्याचं मराठी केलं. त्यात नवं होतं ते दगडाचं काम. आधी माणूस दगड फोडून धार काढायचा, आता तो घासून गुळगुळीत करू लागला. पुढे शेतीची सुरुवातही याच नावाखाली आली. त्यामुळे गडबला उतरून भाताच्या शेतांतून हिंडताना बांधावर वीतभर लांबीचा, निमुळता, तुळतुळीत दगड रोवलेला दिसला आणि मला थेट दगडी कुऱ्हाडच दिसली. त्याला शेंदूर नव्हता, फूलही नव्हतं.

संध्याकाळी रोह्याला पोचलो. तिथे कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मित्राने पोपटी (मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावली होती. शेंगा सोलताना मी ऐटीत दगड काढला. त्याने उलटसुलट पाहिला. घासल्याची खूण नाही, नदीने गुळगुळीत केलाय, म्हणाला. मग कुठे सापडला ते विचारलं. मी सांगितलं.

“अरे, कुणाचा तरी राखणदार (शेत राखणारा देव) उचलून आणलास तू.”

मी दगड पुसून परत पिशवीत ठेवला.

सकाळी परत गडबला गेलो. त्या शेताच्या खळ्यावर भाताचे भारे तसेच पडून होते. राखणदाराला नारळ दिल्याशिवाय मळणी नाही, आणि राखणदारच जागेवर नाही. गवत काढताना सुनेनेच तो भिरकावला असं धरून त्या घरची सासू कालपासून तिला घालूनपाडून बोलत होती. सून डोळे पुसत बांध धुंडाळत होती.

मी कोण, कुठला ते सांगून पिशवी उघडली. सासूने आधी दगडाला हात जोडले, मग माझ्याकडे पाहिलं.

“कोंबड्या चोरणारे लय बघितले, मास्तर. देव चोरणारा तुमीच पयला.”

माझ्याच हातांनी तो परत रोवून घेतला तिने. माती दाबून झाल्यावर म्हणाली, “आता माफी मागा त्याची.”

मी हात जोडले ते सुनेकडे वळून.

“ताई, दगड मी नेला आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. मला माफ करा.”