इंदूमावशींचं तोरण आणि माझी ॲसिडिटी

माझ्याकडं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. तुटक्या बांगड्या, सुटलेली बटणं, साडीच्या काठाचे तुकडे, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, असं सगळं "लागेल कधीतरी" म्हणून त्यात पडत असतं. दर दिवाळीला मी तो आवरायला घेते आणि उलट चार वस्तू वाढवून झाकण लावते. आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्सेही असेच साठत गेले. आता झाकण बसेना, म्हणून थोडे तुमच्यापुढं ओतते.

मंडळ म्हणजे काय, आम्ही चौघीजणी! धाराशिवात आमच्या कॉलनीत, शनिवारी दुपारी माझ्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि हातानं काहीतरी करत बसायचं. तोरणं, बांगड्यांची झुंबरं, रुखवतातल्या वस्तू, कुणाच्या बारशाला द्यायला बाळाची दुपटी. शोभा शेजारची, तिशीतली, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकणारी. प्रज्ञाताई सरकारी कचेरीत नोकरीला. इंदूमावशी सत्तरीच्या, सासर ढोकीचं, आम्हा तिघींच्या गुरू. आणि मी. माझे नेम, पोथ्या आणि उपास इतके, की आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "हिचे जेवायचे वार आठवड्यात चारच!"

•

शोभाचा पहिला किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

ती एका शनिवारी उड्या मारतच आली. "काकू, टाकाऊपासून टिकाऊ! आइस्क्रीमच्या काड्यांचं वॉल हँगिंग. पाच मिनिटांत होतं!"

काड्या लागणार होत्या साठ. घरात होत्या दोन. मग काय, आठवडाभर शोभानं गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना आइस्क्रीम खाऊ घातलं. पोरं खूश. पुढच्या शनिवारी काड्या साठ झाल्या आणि तिचा स्वतःचा मुलगा खोकत अंथरुणात! शिवाय मधोमध लावायला रिकामी बाटली हवी होती, म्हणून भरलेल्या बाटलीतलं सरबत पातेल्यात ओतून ठेवलेलं.

इंदूमावशींनी ते हँगिंग हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"ग्वाड झालंय. पर आमच्या येळी टाकाऊ काय निघतच नव्हतं बाई. तुला आधी ते तयार करावं लागलं!"

•

मावशींचा हात म्हणजे काय सांगू! ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याची त्या बैलगाडी करायच्या. धांड्याची साल सोलायची, आतलं पांढरं, हलकं भेंड कापायचं आणि सालीच्याच काड्या टोचून सगळं एकमेकांत बसवायचं. डिंक नाही, दोरा नाही. चाकं फिरायची, जू वर-खाली व्हायचं. त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या कितीतरी मुलींच्या रुखवतात ती गाडी मांडलेली आहे.

आणि दर शनिवारी आमचा चहाही त्याच करायच्या, माझ्याच स्वयंपाकघरात. मला करू द्यायच्या नाहीत. "सुमन, तुझ्या चहात देव जास्त आन् पत्ती कमी आसती!"

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला, वाचाही आली. हात मात्र तसाच राहिला. बोटं मिटायची, पण धरायची नाहीत. नात पल्लवीचं लग्न वैशाखात ठरलेलं. त्यांची सून स्वभावानं चांगली, आम्ही तिघी भेटायला गेलो तेव्हा काळजीनंच म्हणाली, "आत्या, रुखवत आजकाल भाड्यानं मिळतं. आणू की तसंच."

मावशी म्हणाल्या, "मग नवरीबी भाड्यानंच आणायची का?"

आम्ही हसलो. पण हसताना मी बघितलं, त्यांनी तो हात पदराखाली घेतला होता.

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी आई भवानीला सांगितलं, "इंदूमावशी त्यांच्या उजव्या हातानं मला चहाचा कप देतील, त्या दिवशी चहा घेईन. तोवर माझा चहा बंद." दिवसाला पाच कप पिणारी मी! बोललेला नवस कुणाला सांगू नये, असं माझी आई म्हणायची. म्हणून विचारतील त्यांना सांगितलं, "ॲसिडिटी झालीय."

•

इतकं साधं नसतं हो ते!

शोभानं जिऱ्याचं पाणी आणलं. प्रज्ञाताईंनी कचेरीतल्या कुणाकडून तरी कसलंसं चूर्ण आणलं, ते तोंडात धरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आमचे हे तर पाचव्या दिवशी थेट डॉक्टरांचा नंबर लावून आले. लग्न झाल्यापासून न चुकता चहा पिणारी बायको कप परत करते म्हणजे काहीतरी मोठंच असणार!

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "चहा बंद करा."

मी म्हटलं, "केलाय."

"तिखट?"

"खातच नाही फारसं."

"मग होतंय कशानं?" म्हणून त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी तोंड उघडलं आणि माझे सगळे वार वाचून दाखवले. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उपास बंद करा."

खोटं बोलण्याची शिक्षा इतक्या लवकर मिळते! घरी येऊन देवीची क्षमा मागितली आणि क्षमेसाठी म्हणून एक मंगळवार आणखी धरला.

•

पौषात मावशी पुन्हा शनिवारी यायला लागल्या. पल्लवी हात धरून सोडून जायची. गाडी जमणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मण्यांचं तोरण घेतलं. एका पट्टीला लोंबत्या लडी लावत जायच्या, दाराची रुंदी भरेपर्यंत. मणी सुईवर घेताना तीनदा पडायचा. तासाभरानं एक लड व्हायची. कधी अर्धीच. पण उठताना म्हणायच्या, "झाली बघ येक." तोरणाची पिशवी आठवडाभर माझ्याकडं राहायची.

मला राहवेना. सोमवारी पूजा झाल्यावर मी पिशवी उघडली आणि हळूच एक लड वाढवली. एकच! मावशींना वाटावं, पुढं सरकतंय.

दर सोमवारी मी हे करत गेले. कुणाला बोलले नाही.

पाच-सहा शनिवार झाले. मावशींनी तोरण उलगडलं, कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून मोजलं, पुन्हा मोजलं, मग उठून माझ्या दाराला धरलं. तोरण दार संपून भिंतीवर वीतभर गेलं होतं!

"म्या आठवड्याला येक लड घालते," मावशी म्हणाल्या. "आन् तोरण हे यवढं! लेकरावानी अंगानं वाढाय लागलंय व्हय ह्ये?"

मी शोभाकडं बघितलं. शोभा छताकडं बघत होती. रंग जुळवायचा म्हणून ती दर बुधवारी पिशवी घेऊन जायची. प्रज्ञाताई चष्मा पुसत होत्या. त्या दर शुक्रवारी कचेरीतून येताना "जरा फोटो काढते" म्हणून न्यायच्या!

•

मावशी खाली बसल्या. कात्री मागितली. डाव्या हातात धरली आणि एकेक लड सोडवायला लागल्या.

"ही शोभाची. गाठ ढिली, सगळी घाई. ही प्रज्ञाची. सरकारी गाठ, जीव गेला तरी सुटायची न्हाय. आन् ही सुमनची."

"माझी कशावरून?" मी विचारलं.

"तुझ्या परत्येक लडीत अकरा मणी. खाली न्हाय, वर न्हाय. मणी घालताना तोंडातल्या तोंडात काय चाललं आसंल, ते मला काय कळत न्हाय व्हय?"

मी मान खाली घातली. प्रज्ञाताई म्हणाल्या, "मावशी, रागावू नका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं."

"रागवू कशाला? आपापल्या लडी आपापल्या घरी न्ह्या." तिघींच्या पुढ्यात तीन ढीग झाले. पट्टीवर उरल्या त्या मावशींच्या लडी. कुठं सात मणी, कुठं नऊ. सगळं मिळून तोरण हातभर.

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्याशा तोरणाला दार कुठलं मिळणार, मावशी?"

"देवघराला लावंल की पल्लवी!" मावशी म्हणाल्या. "दार ल्हान आसलं म्हणून देव काय बाहीर ऱ्हातोय का?"

तोरणाला शेवटची गाठ मारली, ती मात्र उजव्या हातानं. दोन बोटांत दोरा तेवढा धरला होता. गाठ बसली.

"आता गाडी," त्या म्हणाल्या. "कडबा आणा."

•

कडबा! कॉलनीत फ्रिज आहेत, गाड्या आहेत, कडबा कुणाकडं असणार? शेवटी प्रज्ञाताईंच्या नळदुर्गकडच्या नणंदेनं निरोप धाडला, "आमची ज्वारी निघालीय, न्या हवं तेवढं." मावशींना हवी होती पाच धांडी. नणंदेनं अख्खी पेंढीच बांधून दिली.

प्रज्ञाताई कचेरीची साडी, खांद्याला पर्स आणि कडेला पेंढी घेऊन एसटीत चढल्या. पेंढीचं टोक खिडकीतून बाहेर.

कंडक्टर आला, त्यानं वरून खाली बघितलं.

"ताई, वैरण आली. जनावर मागच्या गाडीनं येतंय का?"

सगळी बस हसली. प्रज्ञाताई म्हणतात, "इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी लाजले नव्हते!" पण पेंढी मात्र त्यांनी माझ्या दारापर्यंत एकटीनं आणली. कुणाला हात लावू दिला नाही. एखादं धांडं मोडलं असतं तर!

•

त्या गाडीला पाच शनिवार लागले.

पहिल्या शनिवारी नुसती साल सोलली. दुसऱ्या शनिवारी भेंड कापताना तीन तुकडे चुरा झाले. चाकाला काडी टोचायची म्हणजे एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं बेतानं दाबायचं. मावशींचा उजवा हात थरथरायचा, काडी भलतीकडंच शिरायची. तरी धरायचा! दिवाळीनंतर काहीच न धरणारा हात आता भेंडाचा तुकडा धरत होता. मी रोज दिव्यापुढं तेवढंच सांगायचे, "आई, तुकडा धरलाय. कप काही फार लांब नाही."

एक बैल झाला. दुसऱ्याचे पाय काही केल्या टिकेनात. उभा केला की कलंडायचा. शोभानं गरम डिंकाची ती बंदूक काढली. "मावशी, एकच थेंब! कुणाला कळणारही नाही."

"शोभे, त्ये पिस्तूल खाली ठिव!"

शोभानं ठेवलं.

मावशींनी बैलाकडं बराच वेळ बघितलं. मग त्याचे चारी पाय काढले, पोटाखाली दुमडून टोचले आणि त्याला गाडीशेजारी बसवलं. एक बैल जुवाला, एक खाली बसलेला.

"मावशी, असं कसं?" मी विचारलं. "गाडी जुंपलेली आणि बैल बसलेला?"

"दमलाय त्यो," मावशी म्हणाल्या. "उठंल. दम खाऊ दे."

•

लग्न धाराशिवातच एका मंगल कार्यालयात झालं. रुखवताच्या टेबलावर शोभाचं काड्यांचं हँगिंग होतं, बांगड्यांचं झुंबर होतं, आमच्या तिघींच्या परत मिळालेल्या लडींचा एक पडदाच झाला होता. आणि मधोमध पाटावर हातभर तोरण आणि ती गाडी. वराकडची एक म्हातारी बराच वेळ वाकून गाडी बघत उभी राहिली. मग दमलेल्या बैलाच्या पाठीवरून तिनं एक बोट फिरवलं आणि पुढं गेली.

अक्षता पडल्या. रुखवताला पोरांचे हात लागू नयेत म्हणून मी टेबलाजवळ खुर्ची टाकून बसले होते. शोभा आणि प्रज्ञाताई माझ्या शेजारी. चहाचा ट्रे आला. सवयीनं मी हात जोडले, "मला नको, ॲसिडिटी आहे." ट्रे पुढं गेला.

तेवढ्यात शोभानं माझं मनगट घट्ट धरलं.

पलीकडच्या टोकाकडून इंदूमावशी येत होत्या. एकट्या. डाव्या हातानं एकेका खुर्चीची पाठ धरत. उजव्या हातात बशी आणि बशीत कप.

कप बशीवर वाजत होता. सनईतसुद्धा मला तो ऐकू येत होता. मध्येच एक पोरगं आडवं पळालं, त्या थांबल्या, पुन्हा निघाल्या. शोभा उठायला लागली, तशी प्रज्ञाताईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. पल्लवी स्टेजवरून बघत होती. फोटोवाला तिला "इकडं बघा, इकडं" म्हणत होता आणि ती बघत नव्हती.

मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अर्धा चहा बशीत सांडलेला. कपाळावर घाम. बशी त्यांनी माझ्यापुढं धरली, उजव्या हातानं.

"घे."

मी दोन्ही हातांनी घेतली.

"पी की! बगतीस काय नुसती?" मावशी म्हणाल्या. "ॲसिडिटी बरी झाली आसंल आता."