आत्या एफ.वाय.ला होती तेव्हा

माझ्या थोरल्या आत्याइतकं मोठ्यानं आमच्या तालुक्यात कुणी शिकलं असेल असं मला वाटत नाही. दोन्ही मुली सासरी गेल्यावर, पंचेचाळिशीत, तिनं बाहेरून बारावी दिली आणि नव्वदच्या दशकातल्या एका जूनमध्ये ओतूरच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला नाव घातलं. नेमकं माझ्याच वर्गात. मला ते कळलं पहिल्या तासाला, आणे गावाहून येणाऱ्या एसटीतून उतरून ती थेट पुढच्या बाकावर येऊन बसली तेव्हा. "सरक तिकडं," म्हणाली, आणि पिशवीतून वही अन् भाकरीचं फडकं एकदमच बाहेर काढलं.

मनातल्या मनात वाचणं तिला मंजूरच नव्हतं. कांदा खुरपताना, धार काढताना इंग्रजी क्रियापदांचा घोष चाले. म्हशीलासुद्धा भूतकाळ पाठ झाला असावा. वर्गात सरांच्या प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय" अशी पावती मिळे. इतिहासात कुणी लढाई हरलं की ती विचारी, "मग फौज आधीच का न्हाई धाडली?" सर तिच्या धाकट्या मुलीच्या वयाचे. "सर, तुमी जेवून येत न्हाई वाटतं," असं म्हणून तिनं त्यांनाही भाकरी खायला लावली. दिवाळीपर्यंत तेही तिला आत्याच म्हणू लागले.

सहामाहीत मात्र ती इंग्रजीत नापास झाली आणि पार गप्प झाली. म्हैसही बिचकली असेल.

वार्षिक परीक्षेत इंग्रजीचा पेपर ऐन कांदाकाढणीत आला. काम टाकून तिचे यजमान, आमचे मामा, तिला मोटरसायकलवरून घेऊन आले आणि बाहेर लिंबाखाली बसून राहिले. अर्ध्या तासातच आत्या पाणी प्यायला म्हणून उठली. माझा बाक खिडकीशी होता, त्यामुळं बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"चला घरी," ती मामांना म्हणाली. "मला येत न्हाई."

"येतंय तेवढं लिही. मी हाय हितं."

"आन् कांदा?"

"कांदा काय पळून चाललाय?"

मामा एरवी दिवसाकाठी इतकं बोलत नसत. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, परत येऊन पेन उचललं. लिहिता लिहिता ती पुटपुटायला लागली, तेव्हा पर्यवेक्षक हळूच म्हणाले, "आत्या, मनात."

इंग्रजीत ती काठावर सुटली. इतिहासात वर्गात पहिली आली. मामांनी पेढे वाटले, तेही न बोलता.

पुढच्या वर्षी शिकायला मी पुण्याला निघालो. स्टँडवर आत्यानं माझ्या हातात लाडवांचा डबा दिला. "मेसमध्ये लाजू नको, मागून घे," एवढंच म्हणाली. तेवढ्यात वर्गातल्या पोरी आल्या आणि नव्या सरांबद्दल काहीतरी सांगू लागल्या. आत्या खळखळून हसली, एकीच्या पाठीत तिनं धपाटा घातला. गाडी हलली. मी हात वर केला, पण तिचं लक्ष नव्हतं. जरा वाईट वाटलं. मग हात तसाच खिडकीच्या गजावर ठेवून, वळण येईपर्यंत मी त्या घोळक्याकडं बघत राहिलो.